मेनफ्रेमवर हाताशी कोणती स्क्रिप्टिंग भाषा असावी?

प्रश्न : मी काही वर्षांपासून कोबोल आणि जेसीएल (कोणता प्रोग्राम कोणत्या फायलींवर चालवायचा हे मेनफ्रेमला सांगणारी भाषा) यांवर काम करतो. मुख्य प्रोग्राम कोबोलमध्येच राहणार आहेत. परंतु शेकडो जेसीएल मेंबरांमध्ये (लायब्ररीत ठेवलेल्या स्वतंत्र मजकुरांमध्ये) डेटासेटचे (मेनफ्रेमवरील फाइलचे) नाव बदलणे, दोन फायलींमधील फरक काढणे, रात्रीच्या जॉबचे रिटर्न कोड (काम कसे संपले ते सांगणारे आकडे) तपासणे ही कामे हाताने करण्यात फार वेळ जातो. वरिष्ठ रेक्स शिकायला सांगतात, तर नवे सहकारी पायथन. आधी काय शिकावे?

उत्तर : तुम्ही सांगितलेल्या तीन कामांवरूनच उत्तर ठरते : आधी रेक्स. भाषा किती नवी वा लोकप्रिय आहे यापेक्षा आपले काम नेमके कुठे चालते हे पाहावे, आणि तुमचे काम टीएसओ (मेनफ्रेमवर आज्ञा देऊन काम करण्याची सोय) व आयएसपीएफ (तिच्यावरील मेनू आणि एडिटर) यांच्या आतच चालते. आयबीएमच्या माइक कॉलिशॉ यांनी १९७९ मध्ये घडवायला घेतलेली ही भाषा १९८८ मध्ये टीएसओवर आली आणि तेव्हापासून ती ऑपरेटिंग सिस्टिमबरोबरच मिळते, त्यामुळे ती वापरण्यासाठी वेगळे काही बसवून घ्यावे लागत नाही. बंदिस्त प्रॉडक्शनमध्ये काम करणाऱ्याला ही सोय केवढी मोठी आहे हे सांगायला नको.

नाव बदलण्याचे काम एडिट मॅक्रोने (एडिटरच्या आज्ञा आपोआप चालवणाऱ्या स्क्रिप्टने) करावे. रेक्समध्ये लिहिलेला एक छोटा प्रोग्राम लायब्ररीतील मेंबरांची यादी घेऊन प्रत्येक मेंबर एडिटमध्ये उघडतो आणि मॅक्रो त्यात ‘चेंज ऑल’ चालवून सेव्ह करतो. येथे रिटर्न कोड न पाहता पुढे जाऊ नये : ४ आला तर जुने नाव त्या मेंबरात नव्हतेच, आणि ८ आला तर बदल पूर्ण झालेला नाही, बहुधा नवे नाव लांब असल्याने ते ओळीत मावलेले नसते. जेसीएलचा मजकूर ७१व्या रकान्यापर्यंतच चालत असल्याने मॅक्रोमध्ये ती सीमा आधीच घालून द्यावी. ज्या मेंबरांवर ८ आला त्यांची यादी छापून ती हातानेच दुरुस्त केलेली बरी.

फायलींमधील फरकासाठी नवा प्रोग्राम लिहू नका; सुपरसी ही तुलनेची सुविधा आहेच, रेक्सने तिला चालवून तिचा अहवाल वाचावा. जॉबचे रिटर्न कोड एसडीएसएफच्या (जॉब व त्यांचे आउटपुट दाखवणाऱ्या साधनाच्या) रेक्स इंटरफेसमधून थेट व्हेरिएबलमध्ये घेता येतात. सी-लिस्ट ही टीएसओची जुनी स्क्रिप्टिंग भाषा वाचता येण्याइतकी यावी, नवे मात्र तिच्यात काही लिहू नये.

पायथनला माझा विरोध नाही. जेसन, रेस्ट सेवा, गिट किंवा बाहेरच्या यंत्रणांशी देवाणघेवाण आली की रेक्स तोकडी पडते. झेड/ओएस या मेनफ्रेमच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर आयबीएमचे पायथन मिळते, पण ते युनिक्स सिस्टिम सर्व्हिसेसमध्ये (तिच्यातील युनिक्सच्या भागात) चालते आणि डेटासेट सहजपणे हाताळायला झेडओएयूसारखे साधन सोबत लागते. तुमच्या साइटवर ही दोन्ही आहेत का, हे सिस्टिम प्रोग्रामरला आधी विचारा. फाइल पीसीवर आणून तेथे पायथन चालवण्याचा मोह होतो, आणि तेथेच घात होतो. समजा, रेकॉर्डमध्ये कॉम्प-३ प्रकारची (एका बाइटात दोन अंक ठेवणाऱ्या कोबोलच्या पद्धतीची) रक्कम आहे. १२३४५.६७ ही रक्कम ४ बाइटांत ‘१२ ३४ ५६ ७सी’ अशी साठते, ज्यातील शेवटचा सी म्हणजे अधिक चिन्ह. वजा असेल तेव्हा तेथे डी येतो. फाइल टेक्स्ट मोडमध्ये उतरवली की एबसिडिक या मेनफ्रेमच्या अक्षरसंकेताचे आस्की या पीसीच्या संकेतात रूपांतर करताना हे बाइटही बदलतात आणि रक्कम परत मिळत नाही. फाइल बायनरी मोडमध्येच आणावी आणि फक्त मजकुराचे रकाने कोडपेज सांगून उलगडावेत. रेक्समध्ये हाच रकाना सी-टू-एक्स फंक्शनला दिला की हेक्स अंक समोर येतात.

रेक्सच्याही काही खोडी आहेत. एक्झेकआयओ या फाइल वाचण्याच्या आज्ञेने पूर्ण फाइल एकदम स्टेममध्ये (क्रमांक दिलेल्या व्हेरिएबलांच्या संचात) ओढली की मोठ्या फाइलला मेमरी पुरत नाही. हजार-हजार रेकॉर्ड वाचावेत, आणि सॉर्टिंग डीएफसॉर्टवर सोपवावे. दुसरी खोड अधिक त्रासदायक आहे : किंमत न दिलेल्या व्हेरिएबलची किंमत म्हणून रेक्स त्याचे नावच मोठ्या अक्षरांत धरते, म्हणून नावातील टायपिंगची चूक मुकाट्याने खपून जाते आणि चुकीचा डेटासेट शोधला जातो. ‘सिग्नल ऑन नोव्हॅल्यू’ ही ओळ प्रत्येक एक्झेकच्या (रेक्स प्रोग्रामच्या) सुरुवातीला घालून त्याच नावाचे लेबल शेवटी लिहावे, म्हणजे अशी चूक त्या ओळीवरच पकडली जाते.