२०१८ ची पेट्रोल स्विफ्ट, बजेट ५० हजार. ताकद वाढवायला कोन फिल्टर (उघडा एअर फिल्टर), एक्झॉस्ट की रीमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलणं)?

तिन्ही नको, आधी टायर बघा. तुमचं १.२ लिटरचं इंजिन बिनटर्बोचं, ८३ पीएसचं (पीएस म्हणजे अश्वशक्ती). टर्बो गाडीत रीमॅपने बूस्ट (टर्बो इंजिनात हवा कोंबतो तो दाब) वाढवता येतो, इथे वाढवायला तो नाहीच. पाच-सात पीएस वाढले तरी नशीब समजा.

कोन फिल्टर मी स्वतः बसवला होता. आवाज झकास यायचा, पण तो बॉनेटखालची गरम हवा ओढतो. एप्रिलच्या उन्हात, एसी लावून खंबाटकी चढताना गाडी आधीपेक्षा मरगळलेली वाटायची. महिन्याभरात कंपनीचा एअरबॉक्स (फिल्टरची बंद पेटी) गुपचूप परत लावला. (गॅरेजवाला हसला ते वेगळं.)

तुमच्याकडे १६५/८० आर १४ साइजचे (१४ इंची) टायर असतील, तर अलॉय चाकांसकट १८५/६५ आर १५ (१५ इंची) घ्या. वरच्या व्हेरिअंटला कंपनीच हा साइज देते आणि चाकाचा व्यास जेमतेम २ मिलिमीटरने वाढतो, म्हणजे स्पीडोमीटर चुकत नाही. १७ इंचीच्या मोहात पडू नका. आपल्या खड्ड्यांत रिम वाकायला एक पावसाळा पुरतो.

उरलेल्या पैशांत चांगले ब्रेक पॅड आणि नवीन ब्रेक ऑइल. जुनं ऑइल हवेतलं पाणी शोषतं, मग लांब उतारावर तापलं की पेडल स्पंजासारखं दबतं.

एक्झॉस्ट? मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ प्रमाणे नियमबाह्य बदलाला मालकाला ५,००० रुपये दंड आहे, तोही प्रत्येक बदलामागे.