बॉयलरचा दाब उतरल्यावर पाणी भरताना

प्रश्न : आमच्या घरात रेडिएटर तापवणारा गॅसचा बॉयलर आहे. परवा सगळे रेडिएटर गार पडले, तेव्हा बॉयलरच्या गेजचा काटा ०.४ बारवर आलेला दिसला. खालच्या बाजूच्या नळीने पाणी भरले की दाब वाढतो, असे ऐकले आहे. हे काम आम्ही स्वतः करावे का, आणि पाणी जास्त भरले गेले तर काही धोका आहे का? याच हिवाळ्यात तंत्रज्ञाकडून एकदा पाणी भरून घेतले होते.

उत्तर : पाणी भरण्याचे काम घरातल्या माणसाने करण्याजोगे आहे, कारण त्यासाठी बॉयलरचे झाकण उघडावे लागत नाही आणि गॅसच्या कोणत्याही भागाला हात लावावा लागत नाही. तुमच्या पत्रातले शेवटचे वाक्य मात्र मला अधिक महत्त्वाचे वाटते. त्याविषयी पुढे सविस्तर लिहीत आहे.

बॉयलर, नळ्या आणि रेडिएटर मिळून एक बंद मंडल तयार होते व तेच पाणी त्यात पुन्हा पुन्हा फिरत राहते. हे मंडल थंड असताना दाब साधारणपणे १ ते १.५ बार असावा, आणि तो बराच खाली गेला की बहुतेक बॉयलर सुरक्षिततेसाठी स्वतःहून बंद पडतात. पाणी भरण्यापूर्वी बॉयलर बंद करून तो पूर्ण थंड होऊ द्यावा. गरम पाणी प्रसरण पावलेले असल्यामुळे त्या वेळचा आकडा फसवा असतो.

त्यानंतर बॉयलरच्या खाली किंवा जवळपास, दोन्ही टोकांना एकेक व्हॉल्व्ह असलेली, धातूच्या जाळीने विणलेली लवचीक नळी शोधावी. हिला फिलिंग लूप म्हणतात. काही बॉयलरमध्ये नळीऐवजी आतच बसवलेली कळ किंवा प्लास्टिकची चावी असते, म्हणून माहितीपुस्तिका आधी वाचावी. नळीची दोन्ही टोके घट्ट असल्याची खात्री करून एक व्हॉल्व्ह पूर्ण उघडावा आणि दुसरा अगदी सावकाश उघडत जावे. पाणी आत शिरण्याचा आवाज येईल आणि काटा वर सरकू लागेल. काटा १.२ ते १.५ च्या दरम्यान आला की दोन्ही व्हॉल्व्ह घट्ट बंद करावेत. हे सगळे होत असताना नजर गेजवरून हलवू नये, कारण नळाच्या पाण्याचा दाब जास्त असेल तर काटा काही क्षणांतच पुढे निघून जातो. काटा जागचा हलतच नसेल, किंवा बॉयलरच्या आतून पाणी ठिबकताना दिसले, तर तिथेच थांबून तंत्रज्ञाला बोलवावे.

जास्त भरल्या गेलेल्या पाण्याने घाबरून जाण्याचे कारण नाही. बॉयलर थंड असतानाच काटा २ च्या वर गेला असेल, तर एखाद्या रेडिएटरचा हवा काढण्याचा स्क्रू खाली भांडे धरून किंचित सैल करावा आणि थोडे पाणी सोडून द्यावे. दाब ३ बारपर्यंत पोहोचल्यास सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो आणि जादा पाणी घराबाहेर काढलेल्या नळीतून निघून जाते. मात्र असे होऊ न देणेच बरे, कारण एकदा उघडलेल्या व्हॉल्व्हच्या बैठकीत कचरा अडकला तर तो पुरता मिटत नाही, ठिबकत राहतो, आणि दाब पुन्हा उतरू लागतो.

आता तुमच्या शेवटच्या वाक्याविषयी. बंद मंडलातले पाणी आपोआप कमी होत नाही. रेडिएटरमधली हवा काढल्यावर दाब थोडा उतरणे स्वाभाविक आहे. पण तसे काही केलेले नसताना एकाच हिवाळ्यात दुसऱ्यांदा पाणी भरावे लागत असेल, तर ते कुठून तरी बाहेर जात आहे असे धरून चालावे. प्रत्येक वेळी नव्या पाण्याबरोबर विरघळलेला प्राणवायू आत येतो, रेडिएटरचे पोलाद आतून गंजू लागते, त्याचा काळा गाळ साचतो आणि गंज रोखण्यासाठी घातलेले रसायन पातळ होत जाते. म्हणून वारंवार पाणी भरणे हा उपाय मानू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

रेडिएटरच्या व्हॉल्व्हपाशी आणि नळ्यांच्या जोडांवर हिरवट किंवा पांढरे डाग आहेत का, ते पाहावे. गरम जोडावरचे थेंब सुकून जातात आणि बऱ्याचदा एवढीच खूण मागे राहते. बाहेरच्या नळीचे टोक ओले आहे का, तेही तपासावे. त्याचबरोबर काही दिवस गेजचा थंड आणि गरम असतानाचा आकडा तारखेसह लिहून ठेवावा. बॉयलर बंद असतानाही काटा संथपणे उतरत असेल, तर गळतीची शक्यता अधिक. उलट तापल्यावर तो ३ च्या जवळ उसळून गार झाल्यावर पार खाली येत असेल, तर संशय एक्स्पान्शन टाकीवर घ्यावा. थंड पाणी ८० अंशांपर्यंत तापताना सुमारे ३ टक्क्यांनी प्रसरण पावते. ती वाढ सामावून घेण्यासाठी या टाकीत रबरी पडद्यामागे हवा भरलेली असते. ती हवा निघून गेली की वाढलेल्या पाण्याला सेफ्टी व्हॉल्व्हखेरीज वाट उरत नाही. टाकीची दुरुस्ती परवानाधारक तंत्रज्ञानेच करावी, आणि तुमची नोंद त्याला अवश्य दाखवावी.

प्रश्न : पाणी भरण्याची नळी कायम जोडलेली ठेवली तर चालेल का?

उत्तर : काढून ठेवावी. व्हॉल्व्ह किंचित जरी झिरपत असेल, तरी नळाचे पाणी हळूहळू आत येत राहते आणि दाब नकळत वाढतो. शिवाय मंडलातले रसायनमिश्रित पाणी उलटे पिण्याच्या पाण्यात जाण्याची शक्यता, कितीही थोडी असली, तरी ठेवू नये. एकदिशा व्हॉल्व्ह त्यासाठीच असतो, पण नळी सोडवणे अधिक खात्रीचे. सोडवताना थोडे पाणी सांडते, म्हणून खाली भांडे ठेवावे आणि नंतर दोन्ही टोकांना टोपणे लावावीत.