मॅडम, याचा स्पीड का वाढत नाही?

हा प्रश्न इतक्यांदा ऐकलाय की आता पालक दारातून आत येतानाच कळतं, त्यांच्या हातात मोबाईल असतो, मोबाईलमधे पोराच्या बेसबॉल पिचिंगचा, म्हणजे बॅटरकडे बॉल टाकण्याचा, स्लो मोशन व्हिडिओ असतो आणि पोरगा दोन पावलं मागे असतो, मान खाली. खरं तर हे कोचला विचारायचं. पण कोचला विचारून झालेलं असतं, नेटवरचे सगळे व्हिडिओ बघून झालेले असतात, आणि मग कुणीतरी म्हणतं "मेंटल असेल" म्हणून स्वारी माझ्याकडे, कारण खेळाडूंच्या मनाचं मी बघते.

एका मुलाचं सांगते. म्हणजे दोन-तीन मुलांचं मिसळून एक केलंय, ओळख पटू नये म्हणून, आणि नावही देत नाही.

वय १३. बाराव्या वर्षापर्यंत लिटिल लीगच्या, म्हणजे लहान मुलांच्या बेसबॉलच्या, ४६ फुटांवरून टाकायचा तेव्हा टीमचा हुकमी एक्का. मग मोठ्यांचं अंतर आलं, ६० फूट ६ इंच, आणि नेमका त्याच वर्षी पोरगा ताडमाड वाढला. ताशी ६६ मैलांवर स्पीड अडकला, आणि पुढे जायचं सोडून हळूहळू ६३ वर आला. बाबांकडे बॉलचा स्पीड मोजायची स्वतःची रडार गन आणि एक वही, वहीत तारखेसकट त्या त्या दिवसाचा टॉप स्पीड.

"टेक्निक सगळं पाठ आहे हो त्याला, पण माऊंडवर गेला की डोकं बंद," बाबा म्हणाले. माऊंड म्हणजे पिचर जिथून बॉल टाकतो तो उंचवटा.

मी मुलाला विचारलं, माऊंडवर उभा असतोस तेव्हा डोक्यात काय चालू असतं? त्यानं बोटांवर मोजत यादीच म्हणून दाखवली. कोपर खांद्याच्या लेव्हलला, ग्लव्ह छातीशी, पुढचा पाय सरळ प्लेटकडे (म्हणजे बॅटर उभा असतो तिकडे), डोकं हलवायचं नाही, मनगट शेवटी. पाच बोटं संपली. मग म्हणाला, "आणि बाबांकडे बघायचं नाही."

"का रे?"

"तो गनकडे बघत असतो. त्याच्या तोंडावरून आकडा कळतो."

आता या बाबतीत मी, हालचाली कशा शिकल्या जातात यावर संशोधन करणाऱ्या गाब्रिएले वुल्फ यांच्या पंथातली, हे आधीच सांगून टाकते. १९९८ च्या त्यांच्या अभ्यासात स्की सिम्युलेटरवर शिकणाऱ्या काहींना आपल्या पायांकडे लक्ष द्यायला सांगितलं होतं आणि काहींना पायाखालच्या फळीच्या चाकांकडे, आणि चाकांकडे लक्ष देणारे जास्त चांगलं शिकले. शरीराला कसं हलायचं ते सांगत बसू नका, कुठे पोचायचंय ते दाखवा, हे मी वर्षानुवर्षं सांगतेय. त्यामुळे या मुलाची पाच बोटं ऐकताच मला वाटलं, चला, सापडलं. मला तर त्याच्यात लगेच अमेरिकन पिचर रिक अँकिएल दिसायला लागला, २००० च्या प्लेऑफमधे अचानक ताबा सुटून एका इनिंगमधे पाच वाइल्ड पिच, म्हणजे भलतीकडेच भरकटलेले बॉल, टाकणारा. तीन बैठका मी तीच लाइन धरली. एका पिचला एकच गोष्ट, ती म्हणजे बॅटरमागे बसून बॉल झेलणाऱ्या कॅचरचा ग्लव्ह. गन काही दिवस गाडीत.

फरक पडला. बॉल इकडेतिकडे जायचे थांबले, पोरगा जरा हसायलाही लागला. स्पीड मात्र ६३ चा ६३, आणि अधूनमधून त्याच्याही खाली. म्हणजे मी जे सोडवत होते ते होतंच, पण प्रश्न तेवढाच नव्हता, आणि हे कळायला मला तीन बैठका लागल्या. नुसत्या बोलण्यातून सगळं बाहेर येत नाही असं मीच सगळ्यांना सांगत असते आणि मीच बोलत बसले होते!

चौथ्या वेळी म्हटलं, आज खुर्च्या नकोत. बाहेर मोकळ्या जागेत गेलो, एक मऊ बॉल घेतला आणि मुलाला म्हटलं, आज तू कोच, बाबा पिचर. शिकव त्यांना.

त्यानं एका दमात पाचही सूचना दिल्या. बाबा लाकडासारखे ताठ, कोपराकडे बघत बघत टाकला तर बॉल सहा पावलांवर आपटला. "अरे एका वेळी एक सांग ना!" बाबा वैतागून म्हणाले, आणि म्हणून झाल्यावर स्वतःच थांबले. मुलानं माझ्याकडे पाहिलं. मी गप्प. (अशा वेळी गप्प बसायला मला फार कष्ट पडतात, पण बसले.)

मुलगा म्हणाला, "बरं, हात विसर. मागच्या पायानं जमीन ढकलून पुढे ये, आणि पुढचा पाय पडला की त्याच्यावर घट्ट उभा राहा, गुडघा पुढे जाऊ देऊ नको. बस."

बॉल सणसणीत गेला. बाबा एकदम खूश, तिसऱ्या बॉलला सगळा जोर लावून हात मागे नेला, तेवढ्यात मुलगा ओरडला, "हळू बाबा, एवढा जोर नको, मग इथे दुखतं," आणि त्यानं स्वतःच्याच कोपराची आतली बाजू धरली.

बाबांचा हात वरच राहिला.

"कधीपासून दुखतंय?"

"लांबून टाकायला लागलो तेव्हापासून."

"सांगितलं का नाहीस?"

"मग वहीत काय लिहिलं असतंस?"

खोलीत परत आल्यावर मी ती वही मागितली. पानंच्या पानं स्पीड, पण दिवसाला बॉल किती टाकले ते एकाही पानावर नाही. मुलगा दोन टीममधून खेळायचा, शनिवारी एकीकडे ७० च्या आसपास पिच आणि रविवारी दुसरीकडे कॅचर, म्हणजे दर पिचला बॉल परत फेकणं आलंच. दोन्ही कोच आपापल्या हिशोबात बरोबर. बेरीज करणारं कुणीच नव्हतं.

अमेरिकेत मेजर लीग बेसबॉल आणि यूएसए बेसबॉल यांची २०१४ पासून पिच स्मार्ट म्हणून नियमावली आहे. १३-१४ वर्षांसाठी दिवसाला जास्तीत जास्त ९५ पिच, ६६ किंवा त्याहून जास्त झाले तर चार दिवस विश्रांती, पिचरला त्याच मॅचमधे कॅचर करायचं नाही, आणि वर्षातले निदान चार महिने थ्रोइंगला सुट्टी, त्यातले दोन-तीन सलग. एवढे नियम कशाला असं वाटत असेल तर हे बघा, तयार पिचरचा खांदा बॉल सोडताना सेकंदाला साधारण ७००० अंशांच्या वेगानं फिरतो, म्हणजे तसाच फिरत राहिला तर सेकंदात एकोणीस गिरक्या. तो ताण कोपराच्या आतल्या बाजूला येतो आणि वाढत्या वयात तिथलं हाड अजून पूर्ण जुळलेलं नसतं. तेव्हा तिथे दुखलं की आधी डॉक्टर, मग कोच, आणि माझा नंबर सगळ्यात शेवटी. स्पीड अचानक उतरणं हीसुद्धा थकल्याची खूण असू शकते, दरवेळी आळस किंवा भीती नसते. काही पालक मला चक्क विचारतात की टॉमी जॉन ऑपरेशननं स्पीड वाढतो ना? नाही वाढत. १९७४ मधे डॉ. फ्रँक जोब यांनी ते पहिल्यांदा टॉमी जॉन या पिचरच्या कोपरातल्या तुटलेल्या लिगामेंटसाठी केलं, स्पीडसाठी नाही.

या मुलाला डॉक्टरांनी सहा आठवडे थ्रोइंग बंद सांगितलं. मला वाटलं घर डोक्यावर घेतील, तर उलट मुलाच्याच चेहऱ्यावरचा भार उतरला. त्या दिवसांत कोचनं फक्त कमरेखालचं काम घेतलं. वेग हातात तयार होत नाही हो, जमिनीतून येतो. आधी कंबर वळते, छाती अजून बाजूलाच असते, मग धड, आणि हात सगळ्यात शेवटी आसुडाच्या टोकासारखा. उंची एकदम वाढली की हा क्रमच बिघडतो, पाय लांब झालेले असतात पण ताकद तेवढी आलेली नसते, मग कंबर आणि छाती एकदमच वळतात आणि राहिलेला सगळा जोर पोरगा कोपरातून काढतो. व्हिडिओ बघायचाच असेल तर कोपर बघू नका, पुढचा पाय टेकतो त्या क्षणी थांबवा आणि छाती कुठे बघतेय ते बघा, प्लेटकडे वळलेली असेल तर घाई झालीये. आणि हे सरावानंतर, शांतपणे, एखादीच क्लिप. माऊंडवर तो असताना तोंडातून एक अक्षर नको. मॅचहून येताना पहिला प्रश्न "हात कसाय?" हा, स्पीडचा नाही.

पाचेक महिन्यांनी बाबांचा मेसेज आला, वहीच्या पानाचा फोटो. नवीन रकाने आखलेले, तारीख, पिच किती, कुठल्या टीमसाठी, हात कसा, आणि शेवटचा रकाना मुलाच्या अक्षरात. स्पीडचा रकानाच नव्हता. मी लिहिलं, छान. दोन मिनिटांत परत मेसेज, "मॅडम, तुम्ही विचारलं नाही म्हणून सांगतो, ६९."