कॅनन १३००डी 'एरर ०१' दाखवतोय; साडेसहा हजारांत दुरुस्त करू की नवा कॅमेरा घेऊ?

भाऊ, साडेसहा हजार देऊ नका आणि नव्या कॅमेऱ्याचा ॲडव्हान्सही भरू नका. आधी बिघाड बॉडीत आहे की लेन्समध्ये, ते घरीच बघून घ्या. तुम्ही लिहिलंय की कॅमेरा सहा वर्षांचा आहे, सोबत १८-५५ची किट लेन्स आहे, बारसं, साक्षगंध आणि शाळेचे कार्यक्रम त्यावर करता, आणि यवतमाळच्या दुकानदाराने "कॅमेराच गेला, साडेसहा हजार लागतील, त्यापेक्षा नवा घ्या" असं सांगितलं. पण नेमकं काय गेलं, हे त्याने सांगितलेलं दिसत नाही. ते कळल्याशिवाय साडेसहा हजार जास्त की कमी, हे कोणीच ठरवू शकत नाही.

मी आर्वीकडे स्टुडिओ चालवतो. खेड्यापाड्यातली लग्नं आणि पासपोर्ट फोटो सगळे याच जातीच्या कॅमेऱ्यावर केलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एरर ०१चा अर्थ कॅननच्या पुस्तिकेतच दिलाय: बॉडी आणि लेन्स यांचा संपर्क नीट होत नाही, लेन्सचे कॉन्टॅक्ट पुसा. लेन्स काढली की मागच्या कडेला सोनेरी ठिपक्यांची रांग दिसते, तशीच बॉडीच्या तोंडाशीही असते. आपल्याकडे त्यावर काय काय बसतं ते तुम्हाला सांगायला नको. हळदीच्या कार्यक्रमात लेन्स बदलली की तेलकट बोटं लागतात, मांडवातली धूळ असतेच, आणि घरात कापूस भरून ठेवला असेल तर त्याची बारीक रुई. कॅमेरा बंद करून बॅटरी काढा. गावातल्या मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) असतं, त्याचे दोन थेंब चष्म्याच्या स्वच्छ फडक्यावर घ्या आणि ठिपके हलक्या हाताने पुसा. थेंब फडक्यावर, कॅमेऱ्यावर नाही. बॉडीकडचे ठिपके स्प्रिंगवर असतात, ते दाबून घासू नका. आणि बॉडीचं तोंड जमिनीकडे ठेवा, म्हणजे आत काही पडणार नाही. खोडरबराने घासा असं बरेच जण सांगतात. मी सांगणार नाही, त्याचा चुरा थेट आरशाच्या खोलीत जातो.

एवढ्याने एरर गेला तर विषय संपला. नाही गेला तर पुढची परीक्षा करा. दुकानदार ती सहसा तुमच्यासमोर करून दाखवत नाहीत, पण तिला पैसा लागत नाही.

मोडचा डायल एव्हीवर (Av, म्हणजे ॲपर्चर आपण ठरवायचा मोड) आणा. झूम १८वर ठेवा, ॲपर्चर, म्हणजे लेन्सच्या आतलं प्रकाशाचं छिद्र, सगळ्यात उघडं म्हणजे एफ/३.५ करा आणि एक फोटो काढा. मग झूम न हलवता एफ/११ करून दुसरा काढा. पहिला निघाला आणि दुसऱ्याला एरर आला, तर दोष लेन्सचाच आहे असं धरून चाला. एफ/३.५ला लेन्सच्या आतल्या पात्यांना हलावंच लागत नाही, ती आधीच उघडी असतात. एफ/११ला त्यांनी मिटायला हवं, आणि त्यांच्यापर्यंत करंट नेणारी पट्टीच बहुतेक वेळा तुटलेली असते. हीच परीक्षा ५५वर एफ/५.६ आणि एफ/११ अशी पुन्हा करा. कधी कधी १८वर सगळं ठीक चालतं आणि ५५वर एरर येतो, कारण झूम फिरवला की पट्टी ओढली जाते आणि चीर उघडते.

ही पट्टी मी नागपुरात सीताबर्डीला एका कारागिराच्या टेबलावर पाहिली आहे. त्याने लेन्सचे बारीक स्क्रू काढून ओळीने चुंबकावर लावले, तपकिरी प्लास्टिकची ती अरुंद पट्टी चिमट्याने उचलली आणि भिंगाखाली धरून मला बघायला लावलं. आत तांब्याच्या रेषा, आणि जिथे ती दुमडते तिथे केसभर चीर. नुसत्या डोळ्यांना काही दिसत नव्हतं. लेन्स पडलेली नव्हती की भिजलेली नव्हती. वर्षानुवर्षं झूम पुढे-मागे करून ती त्याच जागी थकली होती. कॅननच्या १७-८५ लेन्सची तर हीच तक्रार सगळीकडे माहीत आहे.

पट्टी बदलता येते. पण किट लेन्सवर ती मजुरी घालू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. कॅमेऱ्यासोबत आलेली ही लेन्स बरेच जण न वापरता विकून टाकतात, त्यामुळे चालू स्थितीतली १८-५५ जुन्या बाजारात मला तीन-चार हजारांच्या आसपास दिसत आलीय. घेताना वरची एफ/११ची परीक्षा तिथेच, तुमच्याच बॉडीवर करा. शिवाय मोबाइलचा टॉर्च लेन्सच्या एका बाजूने पाडून दुसऱ्या बाजूने बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी आहे, फुकट मिळाली तरी घेऊ नका.

तोवर हातातलं काम सोडू नका. परीक्षेत उघड्या ॲपर्चरचे फोटो निघाले असतील, तर तेवढ्यावर साक्षगंध निभावतं. फक्त ग्रुप फोटोत लोक तीन-चार रांगांत उभे करू नका, मागची रांग धूसर येऊ शकते. दोनच रांगा करा, झूम १८-२४च्या आसपास ठेवा.

आता दुसरी शक्यता. ओळखीच्या फोटोग्राफरची लेन्स लावा. तिच्यावरही एरर आला तर दोष बॉडीचा. तिथे शटर (सेन्सरसमोर उघडणारा-मिटणारा पडदा) गेलं असेल तर दुरुस्ती परवडू शकते, मेन बोर्ड गेला असेल तर मी एक रुपयाही घालणार नाही. शटर बिघडलं की फोटोचा काही भाग काळा येतो, किंवा एरर ३०सारखा दुसराच नंबर दिसतो. पण काळा पट्टा फक्त फ्लॅश लावल्यावरच येत असेल तर घाबरू नका. या कॅमेऱ्याला फ्लॅशसोबत १/२००च्या वर स्पीड चालत नाही, आणि बाहेरचा फ्लॅश पेटवणारा स्वस्तातला ट्रिगर असला की कॅमेरा तुम्हाला अडवतही नाही. स्पीड कमी केला की पट्टा जातो. अशा पट्ट्यावरून शटर बदलायला निघालेले लोक मी पाहिलेत.

बॉडीच्या दुरुस्तीची रक्कम नव्या कॅमेऱ्याच्या किमतीशी ताडून बघू नका. नव्याच्या मानाने साडेसहा हजार कधीही स्वस्तच वाटतील. ती चालू स्थितीतल्या जुन्या १३००डी बॉडीच्या भावाशी ताडा. दोन्ही जवळपास असतील तर जुनी बॉडी घ्या, म्हणजे एलपी-ई१० बॅटऱ्या आणि लेन्स तशाच चालतील आणि बिघडलेली बॉडी सुट्या भागांसाठी राहील. १५००डीलाही हीच बॅटरी लागते, ती जुन्यात मिळाली तर जास्तच चांगलं.

नवा घ्यायला एकच कारण मला पटतं, ते म्हणजे व्हिडिओ. लग्नघरातून आता रील मागतात, आणि २०१६चा हा कॅमेरा व्हिडिओ चालू असताना चालत्या नवरीवर फोकस धरून ठेवू शकत नाही. कितीही दुरुस्ती केली तरी ते जमणार नाही. तुमच्याकडे अशी मागणी खरोखर येत असेल तर कॅननचा आरएफ माउंटचा (नव्या जातीच्या लेन्स-जोडणीचा) मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला कॅमेरा बघा. ॲडॉप्टर लावून तुमच्या सध्याच्या लेन्स त्यावर चालतात. बारसं आणि स्नेहसंमेलन एवढंच असेल तर १८ मेगापिक्सेल अल्बमला भरपूर झाले.

दुरुस्तीला टाकायचाच असेल तर आषाढी एकादशीनंतर टाका. तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्त नसतात, सुटा भाग मागवायला महिना लागला तरी तुमचा धंदा बुडत नाही. कार्ड आणि बॅटरी काढून घ्या, पावतीवर बॉडीचा आणि लेन्सचा सिरियल नंबर लिहून घ्या, आणि बदललेला जुना भाग परत हवा असं आधीच सांगा. तो द्यायला जो कां-कूं करतो, त्याच्याकडे माल सोडू नका.

एफ/३.५ आणि एफ/११च्या फोटोंचं काय झालं ते इथेच कळवा. दुसऱ्या लेन्सवरही एरर आला तर स्क्रीनवरचा नंबर आणि शक्य असल्यास एक फोटो टाका, मग शटर की बोर्ड ते बघू.