जर्मनीत ऑटोबानवर, म्हणजे तिथल्या द्रुतगती महामार्गावर, खरंच कितीही वेगात गाडी हाणता येते का? पोलीस काहीच करत नाहीत?

करतात की! मर्यादा नसलेले पट्टे बरेच आहेत, पण तिथेही ताशी 130 किमी हा 'शिफारस केलेला' वेग असतो. तो ओलांडला म्हणून दंड होत नाही, मात्र अपघात झाला तर चूक समोरच्याची असूनही थोडी जबाबदारी तुमच्या गळ्यात पडू शकते. शहरं जवळ आली, काम चालू असलं, की 120, 100, 80 अशा पाट्या लागतात आणि कॅमेरे नेमके तिथेच दबा धरून बसलेले असतात. समजा 120 च्या पट्ट्यात 168 नोंदले गेले. मोजणीतल्या चुकीसाठीची 3 टक्के सूट वजा करून 162 धरतात, म्हणजे 42 जास्त. 320 युरो दंड, चालकाच्या नावावर 2 दंडाचे पॉइंट, महिनाभर गाडी चालवायला बंदी. हवालदाराशी घासाघीस वगैरे प्रकारच नाही, थेट घरी पत्र येतं.

पोलिसांचा खरा राग आहे तो मागे चिकटून चालवणाऱ्यांवर. वेगाच्या काट्यावरच्या आकड्याच्या निम्मे मीटर अंतर, म्हणजे 140 ला 70 मीटर, असा साधा हिशेब. पुलावर कॅमेरा लावून खालच्या गाड्यांमधलं अंतर मोजतात. 140 ला ते 7 मीटरच्या आत आलं तर 400 युरो आणि तीन महिने बंदी.

आणि हो, कॅमेऱ्यांची सूचना देणारं अ‍ॅप गाडी चालवताना वापरायलाही तिथे मनाई आहे. भाड्याच्या गाडीवाल्यांनो, कंपनी तुमचा पत्ता पोलिसांना देते, वर त्याचे पैसेही बहुधा तुमच्याकडूनच घेते.