वाचकांचे प्रश्न: पार्ट नवे, मॅप जुना

प्रश्न: माझी 1.6 लिटरची पेट्रोल गाडी आहे, टर्बो नाही. दोन महिन्यांत मोठ्या पाईपचा इनटेक (इंजिनात हवा नेणारा पाईप), 4-2-1 हेडर (इंजिनाला लागून असलेले एक्झॉस्टचे पाईप) आणि जास्त ड्युरेशनचा कॅम (व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणारा) असं तिन्ही बसवून घेतलं. वरच्या आरपीएमला गाडी मस्त खुलते, पण आयडलिंगला थरथरते, उभी असताना मागून पेट्रोलचा वास येतो आणि आता चेक इंजिनची लाईट लागलीय. स्कॅनरवर पी0171 कोड, म्हणजे मिक्श्चर लीन, हवेच्या मानाने पेट्रोल कमी. वास पेट्रोलचा आणि कोड लीनचा, हे कसं काय? गॅरेजमध्ये सांगतात बॅटरीची वायर रात्रभर काढून ठेवा, ईसीयू म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर आपोआप शिकतो. रीट्यून, म्हणजे ईसीयूतला मॅप (पेट्रोल आणि टायमिंगच्या आकड्यांचे तक्ते) नव्याने लिहिणं, खरंच लागतो का?

उत्तर: लागतो, आणि कॅम बसवला त्याच दिवशी लागत होता. पण आधी हे वासाचं आणि लीनचं कोडं सोडवू, कारण तुमचा सगळा प्रॉब्लेम त्यातच आहे.

ईसीयू आलेली हवा मोजतो आणि त्या हिशोबाने पेट्रोल टाकतो. तुमच्या गाडीत एमएएफ, म्हणजे आत येणारी हवा मोजणारा सेन्सर आहे असं धरून चालतो, तर त्यात एक तापलेली तार असते आणि तिच्यावरून जाणारी हवा तिला किती थंड करते त्यावरून हवा किती ते कळतं. पण ती तार पाईपातल्या एका छोट्या जागेतलीच हवा बघते, बाकीचा हिशोब कंपनीने आधीच लावून ठेवलेला असतो की या व्यासाच्या पाईपात एवढ्या वेगाने हवा गेली म्हणजे एकूण इतके ग्रॅम. आता तोच सेन्सर तुम्ही मोठ्या पाईपात बसवला. समजा 65 मिमीचा पाईप 70 मिमीचा झाला, ऐकायला फक्त 5 मिमी वाटतात, पण पाईपाचं क्षेत्रफळ 16 टक्क्यांनी वाढलं, म्हणजे तेवढीच हवा आता हळू जाते, तार कमी थंड होते, सेन्सर म्हणतो हवा कमी आहे आणि ईसीयू पेट्रोल कमी टाकतो. सेन्सर खराब झालेला नाही, फूटपट्टी बदललीय. म्हणून कृपया नवा एमएएफ विकत घ्यायला धावू नका.

मग वास का? तो कॅममुळे. जास्त ड्युरेशनच्या कॅममध्ये बऱ्याचदा इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह थोडा जास्त वेळ एकत्र उघडे राहतात, त्यालाच ओव्हरलॅप म्हणतात. वरच्या आरपीएमला हा ओव्हरलॅप फायद्याचा, पण आयडलिंगला मिक्श्चर नीट जळत नाही, थोडी हवा आणि थोडं पेट्रोल न जळताच एक्झॉस्टमध्ये निघून जातं. एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजन सेन्सरला पेट्रोल दिसत नाही, त्याला फक्त ऑक्सिजन दिसतो. तो म्हणतो लीन आहे, ईसीयू अजून पेट्रोल ओततो, तरी सेन्सर लीनच म्हणतो, आणि मागे उभ्या माणसाच्या नाकाला वास येतो. झालं कोडं पूर्ण, कोडही खरा आणि वासही खरा.

अजून एक शक्यता तपासाच, हेडरच्या गॅस्केटमधून बारीक लीक. एक्झॉस्टचा दाब सारखा वरखाली होत असतो, त्यात जो खालचा झोत येतो तो बाहेरची हवा आत ओढतो, आणि लीक सेन्सरच्या आधी असेल तर पुन्हा तेच, नसलेला लीन दिसतो. सकाळी थंड इंजिन चालू करून हेडरजवळ कान द्या, लीक असेल तर टिकटिक येते आणि लोखंड तापलं की बऱ्याचदा बंद होते, म्हणून गरम गाडी दाखवायला नेली तर कुणालाच सापडत नाही.

आता यातलं नेमकं कोणतं हे ओळखायला स्कॅनरवर फक्त कोड नको, लाईव्ह डेटा बघा. दोन आकडे हवेत, शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू मॅपपेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतोय किंवा कमी करतोय, आत्ताचं आणि शिकून ठेवलेलं. दोन्हींची बेरीज करा, साधारण 10 टक्क्यांच्या आत असेल तर गाडी सांभाळून घेतेय. आयडलला +20 आणि 2500 आरपीएमला धरून ठेवल्यावर +4 वगैरे झाली तर कुठूनतरी चोरून हवा येतेय किंवा ओव्हरलॅपचा खेळ आहे, स्मोक टेस्ट (धूर सोडून गळती शोधणं) करून घ्या. पण सगळीकडे, आयडललाही आणि पळतानाही, +15 च्या आसपास चिकटून बसली असेल तर पाईपाचाच हिशोब चुकलाय आणि तो फक्त रीट्यूनने, म्हणजे एमएएफचा टेबल नव्याने लिहून सुटतो.

बॅटरीच्या वायरीचं म्हणाल तर तिने मॅप बदलत नाही. ईसीयूने शिकलेल्या ट्रिम पुसल्या जातात, लाईट जाते, दोनचार दिवस बरं वाटतं आणि मग तो तेच परत शिकतो. ट्रिमला मर्यादा असते, बऱ्याच गाड्यांत 25 टक्क्यांच्या आसपास, त्यापुढे ईसीयू हात वर करतो आणि लाईट लावतो.

आणि मला खरी काळजी आहे ती पुढच्या गोष्टीची. ट्रिमचं हे सांभाळून घेणं हळू चालवतानाचं आहे. पूर्ण थ्रॉटल दिला की बहुतेक गाड्या ऑक्सिजन सेन्सरचं ऐकणं सोडतात आणि मॅपमध्ये लिहिलेल्या आकड्यांवर चालतात. हळू चालवताना पेट्रोलच्या एका भागाला 14.7 भाग हवा हे गणित, पण पूर्ण लोडला इंजिनला थोडं रिच, म्हणजे जास्त पेट्रोलचं, लागतं, 12.6 च्या आसपास, त्याने पॉवरही मिळते आणि सिलिंडरच्या आतली गरमीही आवरते. आता सेन्सर 14 टक्के कमी वाचत असेल आणि शिकलेली ट्रिम तिथे लागू होत नसेल तर 12.6 चं जवळपास 14.6 होतं, आणि तेही जुन्याच इग्निशन टायमिंगवर (ठिणगी पडायच्या वेळेवर). गाडी तेव्हाही जोरात पळते, उलट जास्त चपळ वाटते, म्हणून कळत नाही.

मी हे स्वतः भोगलंय. बऱ्याच वर्षांपूर्वी एका गॅरेजमध्ये इनटेक आणि हेडर बसवून घेतलं, तिथे सांगितलं की एवढ्याने काही होत नाही, बिनधास्त पळवा, आणि मी पळवली. चढावर चौथ्या गिअरला डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज यायचा, तो नॉक होता, म्हणजे मिक्श्चर सिलिंडरमध्ये अवेळी फुटणं, पण मला वाटायचं नव्या एक्झॉस्टचा आहे. महिन्याभराने प्लग काढले तर तीन ठीक होते आणि चौथ्याच्या पांढऱ्या पोर्सलिनवर मिरीच्या पुडीसारखे काळे ठिपके, उन्हात धरल्यावर त्यातले काही चमकत होते. ते चमकणारे ठिपके म्हणजे पिस्टनचं अ‍ॅल्युमिनियम. तो प्लग मी अजून जपून ठेवलाय. म्हणून कळकळीने सांगतो, ट्यून होईपर्यंत पूर्ण थ्रॉटल देऊच नका, चढावर खालचा गिअर घ्या.

ट्यूनकडून काय मिळणार हेही नीट माहीत असू द्या. एमएएफचा हिशोब, आयडल थोडा वर म्हणजे 900-1000 ला, आयडलचं टायमिंग, पूर्ण लोडचं मिक्श्चर आणि टायमिंग, एवढं बसलं की थरथर आणि वास खूप कमी होतील. पण मोठ्या कॅमने खालचा पिकअप जो घेतला तो पूर्ण परत येणार नाही, तो कॅमचा स्वभाव आहे. रोज ट्रॅफिकमध्ये चालवत असाल तर माझ्या मते स्टॉक, म्हणजे कंपनीचा मूळ कॅम परत घाला, बाकी दोन ठेवा आणि त्यावर ट्यून करा.

प्रश्न: मित्राची आणि माझी टर्बो गाडी एकाच मॉडेलची आहे, त्याने ट्यून करून घेतलाय. त्याची फाईल माझ्या गाडीत टाकली तर चालेल ना?

उत्तर: नको. मॉडेल एक असलं तरी ईसीयूचं सॉफ्टवेअर व्हर्जन वेगळं असू शकतं आणि चुकीची फाईल गेली तर गाडी चालूच होणार नाही. गेलीच नीट, तरी तो ट्यून त्याच्या पार्ट्सवर आणि त्याच्या पेट्रोलवर केलेला आहे, तो 95 ऑक्टेन भरत असेल आणि तुम्ही 91, तर त्याच्या टायमिंगला तुमची गाडी नॉक करणार. नॉक सेन्सर टायमिंग मागे घेतो हे खरं, पण तो अपघात टाळायला आहे, रोजच्या चुका झाकायला नाही. आणि बूस्ट (टर्बोचा दाब) वाढवणार असाल तर प्लग एक पायरी थंड, म्हणजे गरमी लवकर बाहेर टाकणारा घ्या आणि गॅप थोडा कमी ठेवा, फक्त नंबर नीट बघा, एनजीकेमध्ये आकडा वाढला की प्लग थंड, बॉशमध्ये बरोबर उलटं. यात गोंधळ होऊन लोकांनी जास्त गरम प्लग बसवलेले मी पाहिलेत.

प्रश्न: सगळी गाडी स्टॉक आहे, फक्त मागचा सायलेन्सर बदललाय. रीट्यून?

उत्तर: नाही लागत. कॅटलिटिक कन्व्हर्टरच्या मागचं काही बदललं तर साधारणपणे ईसीयूला फरक पडत नाही.

प्रश्न: मोठे इंजेक्टर आणि फ्युएल पंप बसवलाय, पुढच्या आठवड्यात डायनोवर (गाडीची पॉवर मोजायच्या मशीनवर) नेतोय. जाताना काय तयारी करू?

उत्तर: एकतर तिथपर्यंत चालवत नेऊ नका, गाडी टो करा. जुन्या मॅपवर मोठे इंजेक्टर म्हणजे तेवढ्याच वेळात जास्त पेट्रोल, ते सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुवून खाली ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिक काढून वास घ्या, पेट्रोल जाणवलं तर ट्यूनच्या आधी आणि नंतर दोन्ही वेळा ऑइल बदला.

इंजेक्टरसोबत आलेला कागद फेकला नसेल तर तो सगळ्यात महत्त्वाचा, त्यावर किती बारला किती सीसी आणि वेगवेगळ्या व्होल्टेजला इंजेक्टर उघडायला किती वेळ लागतो ते असतं. हा दुसरा आकडा नसेल तर ट्यूनर अंदाजाने चालतो आणि आयडल कधीच नीट बसत नाही. कॉम्प्रेशन टेस्ट आधी करून घ्या, दमलेल्या इंजिनवर ट्यून म्हणजे पैसे पाण्यात. टाकीत तेच पेट्रोल हवं जे रोज भरणार आहात. मूळ फाईलचा बॅकअप मागून स्वतःकडे ठेवा.

डायनोचा कागद हातात आला की सगळे आधी हॉर्सपॉवर बघतात. तो आकडा दुसऱ्या डायनोच्या आकड्याशी लावू नका, त्याच मशीनवर आधी किती आणि नंतर किती एवढंच बघा. आणि त्याच कागदावर वाईडबँडची (हवा-पेट्रोलचं प्रमाण नेमकं मोजणाऱ्या सेन्सरची) एअर-फ्युएलची रेघ मागा, छापलेली नसेल तर छापून घ्या. सुरुवातीपासून रेडलाईनपर्यंत ती शांत जायला हवी, 5500 च्या पुढे लीनकडे चढायला लागली तर पंप, फिल्टर नाहीतर इंजेक्टर पुरत नाहीयेत. इंजेक्टरची ड्युटी, म्हणजे तो किती टक्के वेळ उघडा राहतो ते, 85 टक्क्यांच्या वर जात असेल तर तिथेच थांबायला सांगा, चार हॉर्सपॉवर कमी मिळाल्या तरी चालतील.