निस्ताराचं लाकूड

कुरखेड्याकडच्या एका मुलीनं विचारलंय: "आजी जळणाच्या फाट्याला 'निस्ताराचं लाकूड' म्हणते. ग्रामसभेच्या कागदातही 'निस्तार हक्क' येतो. शब्दकोशात मात्र निस्तार म्हणजे उद्धार, सुटका. सरपणाचा आणि उद्धाराचा काय संबंध? की हे शब्दच दोन आहेत?"

नाही, शब्द एकच. मधला दुवा तुझ्या तोंडात रोज असतो: निस्तरणे. "घोळ तू घातला, आता तूच निस्तर." मूळ धातू 'तरणे'चा, निस्तार म्हणजे तरून पार होणं. कीर्तनकारानं हा शब्द भवसागराच्या पार नेला, घरच्या बाईला तो संध्याकाळच्या चुलीपुरता लागला. दिवस निभला, गरज भागली की निस्तार झाला. छत्तीसगडात आंघोळीच्या-धुण्याच्या तळ्याला 'निस्तारी तालाब' म्हणतात, तोही याच अर्थानं. सरपण, नांगराचं लाकूड, कुडाचे बांबू, ढोरांची चराई, सगळं यात आलं.

आता यापुढे 'हक्क' कसा चिकटला, ते जास्त मजेचं आहे. (मजेचं म्हणजे मला, ज्यांची ढोरं कोंडवाड्यात गेली त्यांना नसेल.) नागपूरचं राज्य 1854 मध्ये खालसा झालं, 1861 मध्ये मध्य प्रांत तयार झाला आणि इंग्रजांनी मालगुजारांना, म्हणजे गावचा सारा गोळा करून भरणाऱ्यांना, गावाची मालकी दिली. गावाला मालक मिळाला म्हटल्यावर रानालाही मिळाला. मग त्या रानातून रयतेनं काय न्यावं, गावाची वहिवाट काय, हे लिहून ठेवणं आलं. त्या दस्ताचं नाव 'वाजिब-उल-अर्ज'. शब्द अरबी, अंमल इंग्रजी, गाव झाडीपट्टीतलं, म्हणजे पूर्व विदर्भाच्या रानपट्ट्यातलं. तोवर निस्तार ही करायची गोष्ट होती, आता ती नोंदवायची गोष्ट झाली.

सरकारी रानाचं गणित याहून कडक. 1878 च्या वन कायद्यानं जंगल 'राखीव' करताना जाहीरनामा काढायचा, किमान 3 महिन्यांची मुदत द्यायची आणि तेवढ्यात ज्यानं लेखी किंवा समक्ष येऊन हक्क सांगितला नाही त्याचा हक्क बुडाला, असा साधारण नियम. ज्याच्या बापजाद्यांनी कधी अर्जच केला नव्हता, त्यानं काय सांगावं? उरलं ते मेहेरबानीनं मिळे. 'हक्क' आणि 'सवलत' या दोन शब्दांतलं अंतर आपल्याकडे कोशापेक्षा नाकेदारानं, म्हणजे जंगलाच्या राखणदारानं, जास्त शिकवलं. आमच्याकडचा एक म्हातारा सांगायचा, "निस्ताराले काडी तोडलो, त नाकेदारानं कुराडच नेली." त्याच्या वाक्यात 'हक्क' कुठेच नाही, बघ. त्याला तो लागतच नव्हता.

इथं एक घोटाळा बरेच जण करतात: 1930 चा जंगल सत्याग्रह 'निस्तारासाठी' झाला असं लिहून मोकळे होतात. समुद्र लांब, म्हणून मिठाऐवजी गवत, हे खरं. तरी अकोल्याकडच्या खारपाणपट्ट्यात दहिहंड्याला विहिरीच्या खाऱ्या पाण्याचं मीठही केलं लोकांनी. 10 जुलै 1930 ला बापूजी अणे यांनी पुसदला राखीव जंगलातलं गवत कापलं आणि तुरुंगात गेले. पण पुसद वऱ्हाडात. वऱ्हाड 1853 मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या हाती आलं, तिथं मालगुजारी नव्हती, रयतवारी होती, म्हणजे शेतकरी सारा थेट सरकारला भरायचा. म्हणून तिकडच्या बोलीत 'निस्तार' सहसा ऐकू येत नाही. तिकडे गावच्या चराईच्या जमिनीला आजही 'ई-क्लास' म्हणतात, अगदी मेंढपाळसुद्धा. त्रास एकच, पण वर्धा नदीच्या अलीकडे-पलीकडे त्याची नावं वेगळी, कारण महसुलाचे कागद वेगळे. झाडीतल्या एखाद्या आजोबांनी "गवत कापून जेलात गेलो" म्हटलं तर ते सत्याग्रहाचं बोलणं; "निस्ताराले गेलो" म्हटलं तर रोजचं रानात जाणं. दोन्ही एकात मिसळू नकोस.

मालगुजारी 1950 च्या कायद्यानं गेली, शब्द मात्र राहिला. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत, 1966 मध्ये, कलम 161 गावच्या निस्ताराची व्यवस्था लिहिणाऱ्या 'निस्तार पत्रका'चं आणि 165 'वाजिब-उल-अर्ज'चं. मुंबईत बसून कायदा वाचणाऱ्याला हे दोन्ही शब्द अडतात. तुझ्या आजीला त्यातला एक तरी अडत नाही.

तेव्हा लिहिताना 'निस्तार हक्क', 'निस्ताराचं लाकूड' असंच लिही. हल्ली हिंदीच्या वाऱ्यानं 'निस्तारण' घुसतंय: कचऱ्याचं निस्तारण, तक्रारीचं निस्तारण, म्हणजे विल्हेवाट. मागे एका ठरावात 'ग्रामस्थांचे वन निस्तारण हक्क' असं टंकलेलं वाचलं. त्याचा अर्थ गावाला जंगलाची विल्हेवाट लावायचा हक्क, असा होतो.